दाव्याशिवाय बरोबरी नाही

पंचांचं चष्म्याचं दुकान होतं, पण चष्मेवाले म्हणून त्यांना कुणी ओळखत नसे. आठवडाभर ते लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत बसायचे, "आता कसं दिसतंय? आणि आता?" असं न कंटाळता विचारायचे, आणि सुट्टीच्या दिवशी शाळेच्या सभागृहात बुद्धिबळाच्या स्पर्धांना पंच म्हणून उभे राहायचे. पायात रबरी तळाचे बूट, कारण खेळणाऱ्याला पावलांचा आवाज येता कामा नये. खिशात जादा पेनं, कारण कुणाचं ना कुणाचं ऐन वेळी संपतंच. बायको म्हणायची, "घराला आग लागली तरी हे आधी बूट बदलतील आणि मग विचारतील, तक्रार लेखी आहे का?"

थट्टा बाजूला ठेवली तरी त्यात फार खोटं नव्हतं. पंचांना सगळ्यात प्रिय होता तो बरोबरीचा नियम. पटावर अगदी तीच स्थिती तिसऱ्यांदा आली, किंवा दोन्ही बाजूंच्या पन्नास-पन्नास खेळ्या झाल्या आणि तेवढ्यात ना कुणी काही मारलं ना प्यादं हललं, तर डाव बरोबरीत सोडवता येतो. पण आपोआप नाही. ज्याची पाळी त्याने दावा करायचा, आणि तोही रीतसर. आधी आपली खेळी कागदावर लिहायची, पटावर करायची नाही. हात वर करून पंचाला बोलवायचं. आणि सांगायचं की ही खेळी केली की तीच स्थिती तिसऱ्यांदा येते. सोंगटीला हात लागला की दावा बुडाला. आणि खेळणारा गप्प बसला, तर पंचानेही गप्प बसायचं, मग त्याला लख्ख दिसत का असेना.

एकदा एका शाळकरी मुलीच्या वडिलांनी त्यांना सभागृहाच्या दारात गाठलं. "तुम्ही तिथेच उभे होता! तीच स्थिती तीनदा आली, तुम्ही पाहिलीत, आणि मूग गिळून बसलात. पोर हरली ना माझी!"

"मी पंच आहे, तिचा वकील नाही," पंच म्हणाले. "बरोबरी हवी की नको, हे तिने ठरवायचं. कदाचित तिला जिंकायचं असेल. मी कोण ठरवणार?"

"पण तिला कळलंच नाही हो!"

"मग पुढच्या वेळी कळेल. दाव्याशिवाय बरोबरी नाही."

हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा म्हटलं होतं की घरात त्याची म्हण झाली होती. जेवताना कुणी मुकाट्याने रिकामं ताट घेऊन बसलं की आई म्हणायची, "माग ना मग. दाव्याशिवाय वाढप नाही."

त्यांच्या थोरल्या मुलीला हा नियम अंगाशी आल्यावरच शिकावा लागला. लहानपणी ती बापाच्याच सभागृहात खेळत असताना तीच स्थिती तिसऱ्यांदा येणार होती, तिला ते कळलंही होतं, पण आनंदाच्या भरात तिने आधी हत्ती सरकवला आणि मग हात वर केला. पंच आले. त्यांनी कागद पाहिला, पट पाहिला, आणि पोटच्या पोरीचा दावा फेटाळला. पुढे ती हरली. घरी येऊन तिने रडून घर डोक्यावर घेतलं. आईने नवऱ्याची यथेच्छ हजेरी घेतली. पंच मुलीच्या शेजारी जाऊन बसले आणि म्हणाले, "पंच म्हणून मी बरोबर होतो. बाप म्हणून मला फार वाईट वाटतंय." तिला त्या वयात हे दोन माणसांनी बोलल्यासारखं वाटलं, आणि दोघांपैकी एकावर तिचा राग बरेच दिवस टिकला.

थोरली मोठी झाली आणि संगणकाचे प्रोग्रॅम लिहायला लागली. ज्या छोट्या कंपनीत ती होती, ती लोकांच्या फोनवर, टॅबवर चालणारे बैठे खेळ बनवायची, आणि त्यातला बुद्धिबळाचा खेळ जवळजवळ सगळा हिच्या हातचा. पंचांनी मात्र तो कधी उघडला नाही. काचेवर बोट फिरवून खेळणं म्हणजे त्यांच्या लेखी भातुकली. लाकडाची सोंगटी हातात घेतल्याशिवाय जबाबदारी कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. लेकीचं कौतुक नव्हतं असं नाही. गिऱ्हाइकांना ते तिच्याबद्दल सांगत, फक्त खेळाचं नाव विचारलं की भिंगं पुसायला लागत.

मग एके सकाळी, एका गिऱ्हाइकाच्या डोळ्यापुढे भिंग धरलेलं असताना, पंचांचा उजवा हात खाली आला आणि परत वर गेलाच नाही. गिऱ्हाईक बिचारं "आता धूसर दिसतंय, आता काहीच दिसत नाही" असं सांगत राहिलं.

जीव वाचला. उजवी बाजू लुळी पडली, आणि वाचा गेली. वाचा गेली म्हणजे सगळी गेली नाही, एक शब्द मागे राहिला: हो. पाणी हवं का? हो हो. नको का? हो हो. मानही त्याबरोबर होकारार्थीच हलायची. आईचं तोंड अशा प्रसंगीही गप्प बसणारं नव्हतं. दवाखान्यातून घरी आणल्यावर तिने एकदा विचारलं, "अहो, मी दुसरं लग्न करू का?" "हो हो हो," पंच म्हणाले. ती हसली, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ भांडी घासत राहिली. भांडी आधीच घासलेली होती.

लिहिणंही गेलं होतं. डाव्या हाताने पेन धरून ते नुसत्या रेघा काढत. डॉक्टरीणबाई सरळ बोलणाऱ्या होत्या. त्या म्हणाल्या, "बोलणं गेलंय हे दिसतंय. समज किती उरली आहे, हे सांगणं अवघड आहे. त्यांच्या 'हो'वरून काहीही ठरवू नका. त्यांना आवडीचं काहीतरी द्या आणि बघा."

आवडीचं म्हणजे काय, हे विचारायलाच नको होतं. पण समोर बसून रोज खेळायला कोण? थोरलीला नोकरी, धाकट्या मुलाला बुद्धिबळ म्हटलं की जांभई, आणि आई सोंगट्यांना आजही घोडेबिडे म्हणायची. तेव्हा थोरलीने आपला खेळ टॅबवर घालून दिला. अक्षरं मोठी केली, डाव्या हाताला सोयीची मांडणी केली. पंचांनी टॅबकडे बघितलं, लेकीकडे बघितलं, आणि नाइलाज झाल्यासारखं डावं बोट पुढे केलं. पहिले काही डाव ते हरले. हरले की शांतपणे टॅब बाजूला सारत. घरातल्यांना बरं वाटलं.

आणि मग एक दिवस त्यांनी टॅब भिंतीवर भिरकावला.

काच तडकली. पंचांचा चेहरा लालबुंद झाला होता आणि ते डावं बोट स्वतःच्याच छातीवर पुन्हा पुन्हा टोचत होते. "हो! हो! हो!" आई सावरायला गेली, त्यांचा तोल गेला, त्यांना धरता धरता तिच्या पाठीत उसण भरली. थोरलीने काच बदलून आणली. थोड्याच दिवसांनी तोच प्रकार. मग पुन्हा. मधले दिवस मात्र अगदी गाईसारखे गरीब.

धाकटा दुसऱ्या गावात राहायचा. आईच्या पाठीचं ऐकून तो धावत आला. तो वाईट मुलगा नव्हता. उलट घाबरट म्हणावा इतका काळजी करणारा होता. त्याने चौकशा करून एक संस्था शोधून काढली होती. बोलणं आणि भान हरपलेल्या माणसांना तिथे कायमचं ठेवून घेत, सांभाळत, आणि आरडाओरडा करणाऱ्यांना शांत राहायची गोळी देत. एक जागा रिकामी होणार होती. येत्या सोमवारी कळवायचं होतं.

"मी बाबांना विचारलं," धाकटा म्हणाला. "म्हटलं, तिकडे जाल का? हो म्हणाले."

"ते आईला दुसऱ्या लग्नालाही हो म्हणालेत," थोरली म्हणाली.

"मग तू सांग काय करायचं ते! आईची पाठ कामातून जाईल. आणि ताई, तू ऐक जरा. ते चिडतात ते कशासाठी? लहान मूल हरल्यावर चिडतं तसं. आत बाबा राहिलेत असं तुला वाटतंय, पण..." त्याने खिशातून फोन काढून तारीख बघितली. "रविवारी मी परत येतो. तोपर्यंत तू मला एक तरी खूण दाखव की त्यांना कळतंय. मग मी सोमवारी फोन करणार नाही."

खूण कुठून आणायची? थोरली त्यांच्यासमोर बसून राही. ते तिच्याकडे बघत. कधी वाटे, सगळं कळतंय. कधी वाटे, आपल्याला वाटायला हवंय म्हणून वाटतंय. ही शंका फार वाईट. तिला आपल्याच बापाकडे चोरासारखं बघायची लाज वाटायला लागली.

पण धाकट्याचं एक वाक्य तिच्या डोक्यात अडकून बसलं होतं. हरल्यावर चिडतात म्हणे. हरल्यावर तर ते कधीच चिडत नव्हते! मग कधी? तिने टॅबमधले जुने डाव उघडले. आदळआपट झालेले डाव ओळखणं सोपं होतं, कारण तिथे खेळच बंद पडला होता. एक बघितला, दुसरा बघितला, तिसरा बघितला, आणि तिने कपाळावर हात मारून घेतला. प्रत्येक डाव एकाच ठिकाणी संपला होता. तीच स्थिती तिसऱ्यांदा आली होती, आणि तिच्या खेळाने आपण होऊन, कुणी विचारलं नसताना, पिपाणीची धून वाजवली होती: "अभिनंदन! डाव बरोबरीत सुटला!"

तो भाग तिनेच लिहिला होता, कधीकाळी, घाईघाईत. तिसऱ्यांदा स्थिती आली की डाव संपव, एवढंच. घरी खेळणाऱ्या माणसाला दावाबिवा कशाला, असा तेव्हा विचार केला असेल, किंवा तोही केला नसेल. हजारो लोकांनी तो खेळ खेळला, कुणाची तक्रार आली नाही. तक्रार करणारा एकच माणूस जगात होता आणि त्याला बोलता येत नव्हतं. छातीवर टोचलेलं बोट "मी जिंकलो" म्हणत नव्हतं. "मी" म्हणत होतं. दावा मी करीन, यंत्राने नाही.

निदान तिला तसं वाटलं. तेही पुन्हा आपल्या मनाचं असू शकेल, हे तिला पक्कं माहीत होतं.

कंपनीतून रजा घेऊन ती कामाला लागली. तिने पिपाणी आधी काढून टाकली. मग बाप जन्मभर जे सांगत आला ते शब्दशः यंत्राच्या डोक्यात घातलं. तिसऱ्यांदा स्थिती आली तरी यंत्राने गप्प बसायचं. पन्नास खेळ्यांनंतरही गप्प. खेळणाऱ्याने आधी खेळी नुसती निवडायची. मग वाटलं तर 'खेळा' हे बटण दाबायचं, वाटलं तर 'दावा'. दावा आला की मागचा सगळा डाव तपासायचा. खरा असेल तर बरोबरी. खोटा असेल तर प्रतिस्पर्ध्याला दोन मिनिटं जादा, आणि जी खेळी जाहीर केली तीच करावी लागेल. तीच स्थिती पाचव्यांदा आली किंवा खेळ्या पंचाहत्तरवर गेल्या, तर मात्र कुणाची वाट न बघता डाव थांबवायचा, कारण तिथे खुद्द पंचालाच तसा हुकूम आहे. सगळं लिहून झाल्यावर तिला एकदम हलकं वाटलं. लहानपणी जिच्यावर अन्याय झाला होता, ती मुलगीच आता तो नियम बजावून सांगत होती, आणि तिला त्यात काही चूक दिसत नव्हती.

बापाला तिने नवीन बटणं दाखवली. "बाबा, आता हे स्वतः काही बोलणार नाही. दावा तुम्ही करायचा."

"हो हो," पंच म्हणाले. त्या 'हो'त काय होतं कुणास ठाऊक.

पुढच्या डावांत टॅब भिरकावला गेला नाही. पण दावाही झाला नाही. स्थिती तिसऱ्यांदा आलीच नाही. पंच खेळत, हरत, क्वचित जिंकत. खूण म्हणावं असं काही घडलं नाही, आणि रविवार उजाडला.

धाकटा दुपारी आला. त्याच्या हातात त्या संस्थेचं चकचकीत माहितीपत्रक होतं. वर बागेत बसलेली हसरी म्हातारी माणसं. ते त्याने टेबलाच्या कडेला उपडं ठेवलं. आई कमरेला पट्टा बांधून खुर्चीत बसली होती. पंच टॅबवर खेळत होते, आणि थोरली त्यांच्या मागे उभी राहून, श्वास रोखून बघत होती, कारण डाव अडकत चालला होता.

पंचांनी उजव्या कडेचं प्यादं एकदम दोन घरं पुढे टाकलं होतं आणि ती बाजू बंद करून टाकली होती. आता कुणालाच पुढे सरकता येईना. यंत्राने हत्ती एक घर बाजूला नेला. पंचांनी आपला हत्ती बाजूला नेला. यंत्राने परत आणला, पंचांनीही परत आणला. पुन्हा तेच. यंत्राचा हत्ती गेला, पंचांचा गेला, यंत्राचा परत आला. आता पंचांनी आपला हत्ती परत आणला की तीच स्थिती तिसऱ्यांदा पटावर येणार होती.

पंच थांबले. त्यांनी हत्तीवर बोट ठेवलं, मग घरावर ठेवलं. 'खेळा' दाबलं नाही. बोट सावकाश खाली आलं आणि त्यांनी 'दावा' दाबला.

थोरलीला ओरडावंसं वाटलं. तिने भावाच्या दंडाला धरलं. "बघितलंस? आधी दावा, मग खेळी! बघितलंस ना?"

आणि टॅबवर अक्षरं आली: दावा फेटाळला. ही स्थिती दोनदाच आली आहे. प्रतिस्पर्ध्याला दोन मिनिटं जादा.

खोलीतलं सगळं चैतन्य गेलं. धाकट्याने हळूच आपला दंड सोडवून घेतला. "ताई," तो म्हणाला, "बटण होतं म्हणून दाबलं गं त्यांनी." त्याच्या आवाजात जिंकल्याचा सूर नव्हता, उलट रडू होतं.  आता टॅब भिंतीवर जाणार म्हणून आईने डोळे मिटून घेतले.

टॅब जागेवरच राहिला. पंचांनी डावा हात वर केला आणि तसाच धरून ठेवला.

"पाणी हवंय का?" आईने विचारलं.

"हो हो." पण पाण्याकडे त्यांनी बघितलं नाही. हात खाली आला नाही.

"उठायचंय का?" धाकट्याने विचारलं.

"हो हो." हात वरच.

ते खोलीभर नजर फिरवत होते, कुणाला तरी शोधत होते. आणि थोरलीच्या लक्षात आलं. सभागृहात प्रतिस्पर्ध्याशी वाद घालायचा नसतो. आवाज करायचा नसतो. हात वर करायचा आणि पंचाला बोलवायचं. बाप पंचाला बोलवत होता.

ती टेबलाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभी राहिली. हात मागे बांधले, जसे ते बांधत. "बोला," ती म्हणाली.

पंचांनी हात खाली घेतला आणि कपाटाकडे बोट दाखवलं. कपाटात लाकडी पट होता. तिने तो आणला, टॅबवरचं बघून प्यादं दोन घरं टाकलं त्या क्षणाची स्थिती मांडली, आणि तिथून एकेक खेळी खेळून दाखवायला लागली. ही पहिली. हत्ती गेले, हत्ती आले, ही दुसरी. गेले, आले. तिने शेवटचा हत्ती आणून ठेवला आणि पटाकडे बघतच राहिली.

"तीन," ती म्हणाली. "तीनदा आली आहे. मग हे दोनदाच का म्हणतंय?"

पंचांनी बोट कडेच्या प्याद्यावर ठेवलं. मग त्याच्या शेजारच्या घरावर. घर रिकामं होतं. त्यांनी त्या रिकाम्या घरावर दोनदा टकटक केलं आणि लेकीकडे बघितलं, शाळेत मास्तर बघतात तसं.

"अरे देवा," थोरली खाली बसली.

"काय झालं? मला कुणी सांगेल का?" धाकटा म्हणाला.

"प्यादं पहिल्या उडीत दोन घरं गेलं की शेजारी उभं असलेलं शत्रूचं प्यादं त्याला जाता जाता मारू शकतं. फक्त लगेचच्या खेळीत, नंतर नाही. मी यंत्राला सांगून ठेवलंय की प्यादं दोन घरं उडालं की लिहून ठेव, जाता जाता मारायची संधी आहे. आणि मारायची संधी वेगळी असली की, सोंगट्या त्याच घरांवर असल्या तरी, नियमाने स्थिती वेगळी. म्हणून त्याने पहिली स्थिती वेगळी धरली. पण शेजारी मारणारं प्यादंच नाही रे! मारणार कोण? संधी नव्हतीच. म्हणजे स्थिती तीच. तीनदा आली. दावा खरा आहे." ती हसायला लागली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "बाबा बरोबर आहेत. माझा प्रोग्रॅम चुकलाय. हजारो फोनांमध्ये चुकलेला बसलाय."

धाकट्याचा चेहरा अजून उजळला नव्हता. "ताई, खरंच? की मला बरं वाटावं म्हणून..."

"माझीच चूक मी खोटी कशाला सांगेन?"

धाकटा क्षणभर उभा राहिला. मग त्याने डब्यातून एक काळं प्यादं उचललं आणि ते पंचांच्या प्याद्याच्या शेजारच्या त्या रिकाम्या घरात ठेवलं. बुद्धिबळाची जांभई येणारा हा माणूस, पण प्रश्न त्याने असा विचारला की बहिणीलाही सुचला नसता. "बाबा, आणि पहिल्यापासून हे इथे असतं तर? मग किती वेळा?"

'हो' म्हणून उत्तर देता येणार नाही असा प्रश्न त्या घरात कितीतरी दिवसांनी कुणी विचारला होता.

पंचांनी त्या काळ्या प्याद्याकडे बघितलं. वेळ घेतला. मग डाव्या हाताची दोन बोटं वर केली. नंतर हात आडवा हलवला: दावा नाही.

"बरोबर?" धाकट्याने बहिणीला विचारलं. 

"अगदी बरोबर. ते प्यादं असतं तर पहिल्या वेळी मारता आलं असतं. मग ती स्थिती वेगळी. दोनदाच."

धाकट्याचा जीव भांड्यात पडला. तो बापाच्या पायांशी चक्क फरशीवर बसला आणि त्यांच्या गुडघ्यावर कपाळ टेकून रडला. "मला वाटलं, तुम्ही गेलात," तो म्हणाला. "मला वाटलं, आम्ही नुसतं तुमचं अंग सांभाळतोय. बाबा, मला फार भीती वाटत होती हो." पंच डाव्या हाताने त्याच्या पाठीवर थोपटत राहिले. आई पदराने डोळे पुसत म्हणाली, "मला मेलीला कुणी विचारलंच नाही. माझ्याकडे बघून हे परवा डोळे मिचकावत होते, ते काय समज नसताना?"

"आई, मग सांगायचं नाही का!"

"सांगितलं असतं तर म्हणाला असतास, आईला मेलीला भास होतात."

थोरलीला एकदम आठवलं की पंच म्हणून तिचं काम अजून राहिलंय. ती उठून उभी राहिली, हात मागे बांधले. "दावा मान्य. डाव बरोबरीत सुटला." पंचांनी डावा हात पुढे केला. तिने तो दोन्ही हातांत घेतला. उद्या सकाळी कंपनीत गेल्या गेल्या ती चूक दुरुस्त करायची होती, पण आत्ता तिला हात सोडवेना. 

धाकट्याने डोळे पुसले, नाक ओढलं. "सकाळ-संध्याकाळ मदतीला माणूस बघतो. आईने यापुढे एकटीने उचलायचं नाही," तो म्हणाला. मग टेबलाच्या कडेचं माहितीपत्रक त्याने उचललं, सुलटं केलं आणि बापाच्या पुढ्यात ठेवलं. "बाबा, मी हे तुमच्या वतीने ठरवायला निघालो होतो. चुकलं माझं. आता तुम्ही सांगा. पण हो म्हणू नका. दाखवा."

पंचांनी बागेतल्या हसऱ्या माणसांकडे नीट बघितलं. डोळ्यांजवळ धरून कागद कसा आहे तेही बघितलं. मग पत्रक छातीशी दाबून त्यांनी एका हाताने त्याची घडी घातली, मग घडीची घडी घातली. कुणी मदत करायला गेलं, त्याला कोपराने दूर केलं. चांगली जाड घडी झाली. ती त्यांनी धाकट्याच्या हातात दिली आणि बोट खाली, टेबलाच्या मागच्या पायाकडे दाखवलं. तो पाय आखूड होता, आणि पटावर खेळी केली की सगळ्या सोंगट्या थरथरत.

धाकट्याने आधी बापाकडे बघितलं, मग त्या पायाकडे. मग तो मोठ्याने हसला, फरशीवर पालथा झाला आणि एका हाताने टेबल उचलून त्याने ती घडी पायाखाली सरकवली.

"अजून जरा आत," थोरली म्हणाली.

"हो हो," पंच म्हणाले, आणि नव्या डावासाठी सोंगट्या मांडायला लागले. टेबल आता हलत नव्हतं.